साधी की कलर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की
एस.टी. स्टँडामागच्या मोकळ्या जागेत बांबू येऊन पडतात
आणि चोझोम माझ्या दुकानात येते,
बोचकी सोडताना उडालेली लोकर केसांत तशीच.
"जिनगोंडा, पाच कॉपी."
मी न विचारता साध्या काढतो.
कलर तिला कधी लागली नाही.

तिचं नोंदणीपत्र मला तोंडपाठ आहे.
जन्म मुंडगोडच्या छावणीत.
नागरिकत्वाच्या रकान्यात तिनं न पाहिलेला देश.
मुदत अमुक तारखेपर्यंत.
माणसाला मुदत असते हे ठाऊक होतं,
ती शिक्का मारून देतात
हे तिच्यामुळं कळलं.

तिचा पोरगा तोपग्याल. आम्ही म्हणायचो टोप्या.
दर थंडीत तीन महिने सांगलीकर.
"मावशी, दोनशेच्या खाली परवडत न्हाई बगा,"
असं म्हणायचा की गिऱ्हाईक हसत हसत पाकीट काढायचं.
एकदा माझ्या मशीनवर तळहात ठेवून
त्यानं हाताची झेरॉक्स काढली.
करडा पंजा, काळ्या रेषा, कडेनं सगळा अंधार.
कागद वाया घालवला म्हणून ओरडलो.
फेकला मात्र नाही.

आता तो बेल्जियममध्ये आहे.
कसा गेला ते चोझोम सांगत नाही, मी विचारत नाही.
आश्रयाचा अर्ज केलाय एवढं माहीत.
एक खोली, टेबलापलीकडं बाई, शेजारी दुभाषा.
गावाजवळच्या नदीचं नाव काय, बाईंनी विचारलं.
दलालानं पढवलेलं एक नाव होतं,
बर्फाच्या पलीकडचं, जिभेला नवखं.
ऐन वेळी ते सापडेना.
टोप्या म्हणाला, कृष्णा.
बाईंनी स्पेलिंग विचारून नीट लिहून घेतलं.
चार महिन्यांनी पत्र आलं:
आपलं सांगणं विश्वासार्ह वाटत नाही.

ते पत्र तिनं मोबाइलवरून छापून घेतलं.
भाषा तिलाही येईना, मलाही.
दोघंही कागदाकडं बघत बसलो
आणि मला उगीचच पुराचं साल आठवलं.
दुकान आठ दिवस पाण्याखाली.
मशीन, कागदांची रिमं, लोकांनी विसरलेले दाखले,
सगळ्याचा एकच लगदा.
तासगावच्या शाळेत रांगेत उभा होतो, तर
टेबलामागचा पोरगा म्हणाला,
पूरग्रस्त असल्याचा पुरावा?
पोटऱ्यांना गाळ होता. मी पाय पुढं केला.
तो म्हणाला, काका, कागद दाखवा.

तरी टोप्या तिकडं वर्गाला जातो. डच शिकवतात.
आधी आकडे. एन, त्वे, द्री.
फोनवर हसत होता, जिनूकाका,
आकडे मला पहिल्याच दिवशी आले,
पण इथं भावच करत नाहीत कोणी.
मग थोडा वेळ दोन्हीकडं नुसती खरखर.

नव्या वकिलीणबाई म्हणतात, आता खरं तेवढंच सांग.
छावणीतला जन्म, कुठलाच पासपोर्ट नाही,
थंडीत सांगली, उन्हाळ्यात मुंडगोड.
आणि असतील नसतील ते कागद पाठव.
चोझोमनं पिशवी काउंटरवर उलटी केली.
शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड,
बाजाराच्या जागेच्या भाड्याच्या पावत्या,
एकीवर टोप्याची सही, वय वर्षं अकरा.
सवयीनं साध्याचं बटण दाबणार, तर ती म्हणाली,
"कलर. शिक्का निळा आहे.
निळाच दिसू दे त्यांना."

पंजा अजून पंख्याच्या बॉक्सजवळ चिकटवलेला होता,
पुराच्या रेघेच्या वीतभर वर.
वकिलीणबाईंना त्याचा काही उपयोग नाही, मला कळतं.
गठ्ठ्यात शेवटी तोही सरकवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.
बाकीच्यांचे तिनं घ्यायला लावले, सुट्टे मोजून.

भडंगाचा पुडा तेवढा कुरिअरवाल्यानं काढून ठेवला.
खायचं चालत नाही, म्हणाला.
तिथंच फुटपाथवर उभ्यानं आम्ही तो फोडला.