ओढायलाय का द्यायलाय

सेलूच्या कॉलेजात, शेवटच्या तासाला,
लाइट गेल्यावर खिडकी उघडून
मी फळ्यावर बेंझिनचा षटकोन काढला
आणि एका कोपऱ्याला क्लोरीन टांगला.
एक बाण त्याच्याकडे जाणारा: हा ओढतो.
दुसरा, वाकडा, त्याच्याकडून रिंगणात येणारा: हा देतो.

मागच्या बाकावरून गंगासागर काचगुंडे उठली.
तिच्या वडलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे मोंढ्यापाशी,
तिच्या नखांत कायम वार्निश.
"मॅडम, काहीतरी एक सांगा.
हा ओढायलाय का द्यायलाय?"

वर्ग हसला. मीही.
उत्तर पुस्तकात आहे, दीड ओळीचं.
ओढणं भारी पडतं, म्हणून अख्खं रिंगण सुस्तावतं;
पण नवा पाहुणा कुठल्या दाराशी येईल
हे ठरवतं त्याचं थोडकं देणं.
तिनं लिहून घेतलं. मान हलवली नाही.

नायट्रोचं सोपं आहे, तो नुसता ओढतो.
अमिनोचंही. देत सुटतो,
आणि ॲनिलिनची बाटली उघडी राहिली की
चार दिवसांत काळवंडतो.

क्लोरीन म्हटलं की मला आमचा रंगनाथ दिसतो,
जालन्याच्या रोलिंग मिलमधला.
माझ्या एमएस्सीच्या वर्षी
आईच्या पाटल्या त्यानंच नेल्या.
त्याच उन्हाळ्यात परभणीला, दर पेपरला,
सेंटरच्या फाटकाबाहेर उभा असायचा
उकडलेल्या शेंगांची पुडी घेऊन.
पाटल्यांचं विचारलं
की शेंगा पुढं करायचा.

फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात
मी चार कार्बनचं आम्ल लिहिलं.
क्लोरीन अगदी शेजारी: पीकेए दोन पॉइंट आठ.
एक घर लांब सरकवला: चार.
आणखी एक घर: साडेचार.
आणि क्लोरीन मुळी नसताच, तर चार पॉइंट आठ.
म्हणजे तिसऱ्या घरापर्यंत जेमतेम कळते
ती ओढ.
सेलू, सातोना, परतूर.
जालना तर पुढंच राहिलं.

तास संपला. पोरं सायकलींकडं पळाली.
गंगासागर डस्टर घेऊन फळ्याजवळ आली
आणि पुसायचं सोडून बघत राहिली.
"मॅडम, त्याचं माप मोठं आहे ना?
कार्बनची खाच बारीक.
पप्पा म्हणतेत,
जाड तार बारीक खाचेत कितीबी दाबा,
नीट बसत नाही.
तार खराब नसती, मॅडम."

तिसरी कक्षा, दुसरी कक्षा,
ऑर्बिटलचं अपुरं जुळणं,
हे सगळं पुढच्या आठवड्यात शिकवायचं होतं.
मी म्हटलं, हो. तसंच.

तिनं षटकोन पुसला.
वाकडा बाण नीट पुसला गेला नाही,
खडू ओला होता.

संध्याकाळी रंगनाथला फोन लावला.
मिलमध्ये आवाज होता, त्याला काही ऐकू येईना.
"काय म्हणायलीस? जोरात बोल," म्हणाला,
"जोरात."
मी शेंगांचं काहीतरी विचारलं.