घोट्याएवढं

रात्री साडेतीनला नाल्याचा आवाज बदलला.
एरवी तो बोलत नाही, नुसता वास देतो.

पहाटे गल्लीत घोट्याएवढं,
पराते मास्तरांच्या पायरीशी पोटरीएवढं.
पेपरात येईल इतकं नाहीच.
गोळीबार चौकाकडून एक ऑटोवाला
बंद पडलेली ऑटो ढकलत आला, विजारी वर खोचून.
कौतिकाबाई हेडाऊंची एक चप्पल निघाली पाचपावलीकडे,
दुसरी पायात.
"जाऊ दे न बाप्पा," म्हणे, "एकटी कुठवर जाईन ते?"

आमच्याकडे पाणी उंबरा ओलांडून आलं नाही.
जमिनीतून आलं,
सरळ मागाच्या खड्ड्यात.

माग विकून नऊ वर्षं झाली.
खड्डा बुजवायचं राहूनच गेलं,
वर फळी, फळीवर गव्हाची कोठी.
कोठी हलवली, फळी सरकवली
तर काठोकाठ, गढूळ,
आणि वर तरंगणारा वीतभर गुलाबी धागा.
कोणत्या लुगड्यातला, कोण जाणे.

बाबा काठावर बसले.
पाय आत सोडले गुडघ्यापर्यंत,
सवयीनं.
उजवा दाबला. मग डावा.
पावडी नव्हतीच खाली, पाणी तेवढं हललं.

मी बादली घेऊन उभा, उपसायला.
आई म्हणाली, "थांब जरा. चहा होऊन राह्यला."

नऊला नाला उतरला.
रस्त्यावर गाळ, कुणाचा तरी प्लास्टिकचा मग,
विजेच्या खांबाला अडकलेली एक चप्पल.
कौतिकाबाईंनी उलटीपालटी करून पाहिली.
त्यांची नव्हती.
तरी घरी नेली.