गिऱ्ह्याचा वाटा

जयवंतीकाकू तारी मूळची देवगडकडची.
गंगावेशीच्या पुढं, गटारीला लागून तिचा पाट,
आणि मी, दहावीला दोनदा बसलेला,
तिच्यासाठी बर्फ फोडायचो.

टेम्पो पहाटे यायचा करूळचा घाट चढून,
गगनबावड्याचं धुकं ताडपत्रीवर ओलं असायचं.
खोकं उघडलं की पहिला बांगडा
ती पाटाखाली सरकवायची.
गिऱ्हाईक कितीही नडलं तरी तो विकायची नाही.
"ह्यो कुणाचा?"
"गिऱ्याचो," म्हणायची, आणि कोयती दगडावर घासायची.

गिऱ्हा म्हणजे पाण्यातला.
भरतीच्या रात्री होडीच्या काठाला हात लावून
आपला वाटा मागतो.
दिला तर जाळं जड होतं.
नाही दिला तर ओळखीच्या आवाजात हाक मारतो,
घरच्या माणसाच्या.
ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं.
भूत तीनदा हाक मारत नाही,
तेवढा दम त्याला नसतो.

गिऱ्हाइकांना मासळीपेक्षा हेच लागायचं.
"काकू, एखादं सांगा की."
पापलेट घेणाऱ्याला ती लांबलचक सांगायची,
बुडालेल्या वऱ्हाडाची होडी,
अमावास्येला खाडीत वाजणारा ताशा,
नवरी अजून मुंडावळ्या पिळते आहे.
तारल्या घेणाऱ्याला दोन वाक्यांत भूत
आणि वर कढीपत्ता.

समोरचा बाबालाल मुल्लाणी सुरी पुसत विचारायचा,
"तुमचं भूत घाट कसं चढतंय ओ? टोल भरतंय काय?"
"बर्फातसून येता.
बर्फ कसलो? पाण्याचोच मा?"
सगळे हसले.
त्या दिवसापासनं मी लादी फोडायच्या आधी
उजेडाला धरून बघायला लागलो.
आत बुडबुडे असतात, एकाखाली एक,
कुणी तरी मोजून सोडल्यासारखे.

आमच्याकडंही काय कमी नाही म्हणा.
रंकाळ्याचा नंदी दरसाल
गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो.
विहिरीविहिरीला आसरा आहेत,
माझी आत्या त्यांना हिरवी चोळी ठेवते.
काकूला हे सांगितलं तर म्हणाली,
"तुमची भुतां बरी रे. जाग्यावर असतत."

मग जूनमध्ये मासेमारी बंद झाली.
पाट उलटा, खोकी रिकामी, मांजरं हवालदिल.
एका रात्री मी सायकलवरनं येताना बघितलं,
काकू रंकाळ्याच्या पायरीवर.
पुढ्यात कागदावर राधानगरीच्या धरणातला कटला,
बांगड्याच्या चौपट, कुणाच्याही ओळखीचा नसलेला.
मला म्हणाली, "दर्या खंयच्या अंगाक?"
मी पश्चिमेला हात केला.
फुलेवाडीचे दिवे, त्यांच्या पल्याड काळोख, मग घाट.
ती त्या बाजूला वळली.

"सावळ्या."
पाणी होतं तसंच.
"सावळ्याऽऽ."
भेळेच्या गाडीवरचा पोरगा वळून बघायला लागला.
मी तिसरीची वाट बघत उभा,
हातातली सायकल धरून.

तिनं कटला पाण्यात ढकलला, हात धुतले.
"तिसरी का नाय मारलीसा?"
बराच वेळ चालली. मग,
"तिसरी मारलंय, नि ओ इली नाय तर रे?"
बत्तीस वर्षं झाली म्हणाली भावाला.
होडी सापडली होती. वल्हीसुद्धा.

आता तो पाट माझ्याकडं आहे.
बांगडा दीडशेच्या वर गेलाय,
बाबालालचा पोरगा म्हणतो, मांजर खातंय ते, मामा,
उगं नुकसान.
मांजर खातंय, मला काय दिसत नाही?
पिवळी आहे, एका कानानं फाटकी.
तरी पहिला बांगडा खाली सरकवतो
आणि ती येईपर्यंत
तिकडं बघत नाही.