पाण्याला सुरकुत्या

माझं काम एवढंच:
पाणी नितळ होऊ द्यायचं नाही.

रोस्टॉकमध्ये फेब्रुवारीत बंदराच्या कडेला बर्फ धरतो.
आत, या हॉलमध्ये, पाणी सत्तावीस अंशांवर,
आणि मी काठावर, झडपेपाशी, स्टुलावर.
नळीच्या तोंडातून बारीक फवारा
सारखा पडत राहतो.
लोकांना वाटतं, शोभेचा आहे.

वरून उलटापालटा होत येणाऱ्या माणसाला
शांत पाणी दिसतच नाही.
दिसतो तळ, निळ्या फरश्या.
आणि तळ बघून अंग उलगडलं
तर उशीर झालेला असतो.
म्हणून पाण्याला सुरकुत्या हव्यात.
मी त्या पाडतो. बावीस वर्षं झाली.
त्याआधी जहाजं रंगवायचो; गोदी बंद पडली.

आज पुरुषांची तीन मीटर फळी, अंतिम फेरी, बारा जण.
चिनी पोरगा आत शिरतो तेव्हा
कागद फाटल्याचा आवाज होतो, बस्स.
पाण्याला कळतसुद्धा नाही.
गुड्रून मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून बघते,
विचारते, याला पगार किती असेल रे?
कोण किती पाण्यात, ते सात पंच ठरवतात
आणि त्यांतले दोन वरचे, दोन खालचे आकडे
फेकून देतात.
सरळ माणसांचा हिशेब असा नसतो,
पण मला कोण विचारतं.

अकराव्या जागेवर वाख्तांग, तिबिलिसीचा, चौतिशीचा.
डाव्या खांद्यावर काळ्या पट्ट्या चिकटवलेल्या.
प्रत्येक उडीनंतर गरम शॉवरखाली उभा राहतो,
हातरुमालाएवढं फडकं
पिळतो, पुसतो, पुन्हा पिळतो,
जणू घरी भांडी घासायची राहिलीत.

सहावी उडी. पुढे साडेचार कोलांट्या.
पायाने दातेरी चाक फिरवलं: एक घर पुढे, अर्धं मागे.
पावलं, मग गुडघा वर,
फळी वाकली
आणि तो थांबला.

टोकावर, हात पसरून, डुलत.
तळ्यात? मळ्यात?
मुख्य पंच बाईंनी पेन खाली ठेवलं.
सातही जणांकडचे दोन-दोन गुण बुडाले,
हा कोरडा असतानाच.
त्याचा प्रशिक्षक ओतार
भिंतीवरचं घड्याळ वाचू लागला.

तो मागे गेला. उभा राहिला.
आणि बघितलं, ओतारकडे नाही, पंचांकडे नाही,
माझ्याकडे.
हात मांडीपाशीच ठेवून बोटं हलवली,
मीठ भुरभुरल्यासारखी.
अजून.

बावीस वर्षांत वरून कोणी
माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

झडप पाव फेरा उघडली.
मग कोणी बघत नाही म्हणून अजून पाव.
पाण्याच्या अंगावर काटा आला.

पावलं. गुडघा. फळी.
मग फळी एकटीच, थडथडत.
वर एक गाठोडं फिरत होतं;
मला मोजता येत नाही, मी पाण्याकडेच बघतो.
शिंतोडे माझ्या बुटांपर्यंत आले.

फार चांगली नव्हती. पाय पलीकडे कलंडले.
एक्कावन्न पूर्णांक तीन दशांश.
अकरावा होता, बारावा झाला.

पण खाली तो बराच वेळ राहिला,
आणि मला काही दिसेना,
माझ्याच सुरकुत्यांमुळे.
मी झडपेवर हात ठेवून बसलो,
बंद करावी की करू नये.

मग शिडीशी डोकं वर आलं.
स्टुलाजवळून जाताना तो काहीतरी बोलला, त्याच्या भाषेत,
शिवीही असेल.
मी मान हलवली.

रात्री सगळे गेल्यावर झडप बंद केली.
पाणी निवायला चारेक मिनिटं लागतात.
हळूहळू तळ वर येतो, फरश्या, सांधे,
आणि आज एक काळी पट्टी, गुंडाळी झालेली,
जाळीच्या फुटानाल्याच्या थोडी अलीकडे.
लांब दांड्याची जाळी भिंतीलाच टेकलेली होती.
गुड्रून दिवे घालवायच्या बटणांपाशी उभी, म्हणते, झालं का?

झालं, म्हटलं.
पट्टी उद्या काढेन.