दोन बोटं

एप्रिलात आमच्या परसातला बर्फ
त्या एका पट्ट्यावरून सगळ्यांत आधी वितळायचा,
आणि तिथलं गवत असं हिरवं
की पाहुणे विचारायचे, व्हर्ना, खत कुठलं घालतेस?
आई हसून विषय बदलायची.
यंदा त्या हिरव्यात माझा बूट रुतला
आणि वर आलं ते नुसतं पाणी नव्हतं.

कुठेतरी पाणी मुरतंय म्हणायची सोय नव्हती,
ते कुठेच मुरत नव्हतं.
घरात संडास गुळण्या करायला लागला.
भांड्यांचं पाणी आई टबात साठवून
लायलॅकच्या बुंध्याशी ओतायची, चोरून,
पोरीनं पाहिलं तर ओरडेल म्हणून.
पोर म्हणजे मी. त्रेपन्न वर्षांची.
धुणं मी गावातल्या लाँड्रीत न्यायचे,
नाण्यांची बरणी मांडीवर घेऊन.

रॉस कॅल्गरीहून म्हणाला, विकून टाका.
लॉइड म्हणाला, खर्च कळव, बघू.
अठरा हजार डॉलर म्हटल्यावर
त्याच्या फोनची अचानक रेंज गेली.

मंगळवारी डिग्बीहून डेलबर्ट कोमो आला,
ट्रकवर पिवळं खोदयंत्र, हातात लोखंडी सळई.
नकाशा आहे का?
होता. चर्चच्या कॅलेंडरच्या पाठीवर,
बाबांच्या पेन्सिलीतला, एकोणीसशे एक्क्याऐंशीचा:
सफरचंदापासून एकवीस पावलं, मग डावीकडे नऊ.
सफरचंद वादळात गेलं.
बाबा त्याच्या आधीच.
राहिली पावलं, तीही सहा फूट तीन इंचांच्या माणसाची.
आई दारातून म्हणाली, त्या साली तो लंगडायचा रे,
शिडीवरून पडला होता.
डेलबर्टनं मान डोलावली, पावलं आखूड केली
आणि सातव्या टोचणीला सळई काँक्रीटवर वाजली.

पेटीचं झाकण उचलून तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, ये, बघ.
चार चरांकडे चार तोंडं,
आणि पेटी एका अंगाला कललेली, जेमतेम दोन बोटं.
हिवाळ्यात जमीन फुगते, उचलते,
परत ठेवताना नीट ठेवत नाही.
त्या दोन बोटांपायी चाळीस वर्षं
सगळं एकाच चरात गेलं:
आंघोळी, नाताळची खरकटी,
बाबांच्या शेवटच्या थंडीतल्या चादरी.
त्यानं ते पोटात घातलं, घातलं, घातलं,
आणि एक दिवस काजळासारखा काळा लेप धरून बसला.
थेंब जिरेना.

बाकीचे तीन त्यानं फावड्यानं उघडून दाखवले.
खडी अशी स्वच्छ, जणू काल ट्रकमधून ओतली.
ह्यांनी एक दिवस काम केलेलं नाही, डेलबर्ट म्हणाला,
त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे कुणी काही धाडलंच नाही.

मी काही बोलले नाही.
चर चार, भावंडं आम्ही तीन;
हिशेब जुळत नाही, आणि मला जुळवायचा नव्हता.

सगळं नवं करायचं का?
आईनं विचारलं, पाकीट आधीच हातात.
नको. पेटी सरळ करतो. ह्या थकलेल्याचं तोंड बांधतो.
दोन उन्हाळे ह्याला काही देऊ नका,
वरून गाडीसुद्धा नेऊ नका.
मोकळा सोडला की माती आपली आपण तो लेप खाते.
खात्रीनं?
खात्रीनं नाही, म्हणाला. बहुतेक वेळा.

संध्याकाळी आईनं फ्लश ओढला
आणि कान देऊन उभी राहिली.
घशात काही अडकलं नाही.
तिनं पुन्हा ओढला, नुसताच, चैन म्हणून.

मी बिलाच्या पाठीवर नवा नकाशा काढला.
पावलं नाहीत, फूट. झाडापासून नाही, घराच्या कोपऱ्यापासून.
माझ्यामागून जो कुणी खोदेल
त्याला माझी चाल ठाऊक नसेल.
त्या एका रेघेवर लिहिलं: रजेवर.
मग ऑगस्टमधले पंधरा दिवस बोटांवर मोजले
आणि लॉइडला फोन लावला.
रेंज होती.