मोजणी

यासीन हमदुले बोटीवर भंडारी होता.
जातीने नव्हे, हुद्द्याने:
चाळीस खलाशांचा भात, आमटी, रात्रपाळीचा चहा.
आता दाभोळच्या धक्क्यावर, फेरीवाल्यांच्या बाकावर
रोज येऊन बसतो. पलीकडे मात्र जात नाही.

मी अकरा मतांनी पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी
त्याने सरकून जागा केली. म्हणाला,
बाय, एका पंतप्रधानाला मी चहा पाजलाय. बस.

देश केवढा? म्हटलं.
दापोली तालुक्याएवढा भरला तर भरला.
सेंट कॉर्डेल. नकाशावर माशी बसली की झाकला.
डोंगर थेट पाण्यात, तांबडी माती, केळी.
रात्री बोट लागली की बायका डोक्यावर लोंगर घेऊन
फळीवरून चढायच्या, कंदिलाच्या उजेडात,
आणि एक सडपातळ पोरगा वहीत रेघा मारायचा.
डेल्मार. कंपनीचा मोजणीदार.

कंपनी शंभरामागे चार लोंगर खायची.
त्याने दुसरी वही केली. घरची. खरी.
त्या वहीतून युनियन निघाली, युनियनीतून पक्ष.
केळ्यांच्या खोक्यावर चढून तो आकडे वाचायचा,
नुसते आकडे, नावांसकट:
मार्था, सोळा रात्री, चौसष्ट लोंगर बुडीत.
आणि लोक रडायचे.
आकड्यांवर रडणारी माणसं
मी पुन्हा कुठल्याच बंदरात पाहिली नाहीत, यासीन म्हणाला.

निवडून आला. मग पुन्हा. मग पाच वेळा.
शेवटच्या घरापर्यंत रस्ता, दवाखाना,
एक विमानतळ, दोन्ही टोकांना समुद्र.
खेपेगणिक मला दिसायचं:
आधी दुकानात त्याचा फोटो, मग फोटोला चौकट,
मग चौकटीला दिवा.
बंदराचा साहेब मेहुणा. विजेचा, चुलतभाऊ.
वही तशीच काखेत, पण आता तिच्यात
माणसं होती. कोण आपला, कोण नाही.

मग वादळ. एका रात्रीत सगळ्या केळी आडव्या.
परदेशातून ताडपत्र्या आल्या
आणि वाटल्या त्या वहीतून.

इथे यासीन थांबला. तपकीर ओढली.
मी फेरीकडे बघत राहिले. ती धोपाव्याहून सुटली होती.
आमच्याकडेही येऊन गेलं वादळ, माडांची डोकी घेऊन,
आणि पत्र्यांची यादी मी केली,
कंदिलातच. वीज सतरा दिवस नव्हती.
वरच्या वाडीतली सुलोचना भुवड
ग्रामसभेत माझ्यावर बोलली होती.
तिचं नाव राहून गेलं.
राहून गेलं, असंच मी सगळ्यांना सांगितलं.
तिच्या घरात मतं सहा, हे मला पाठ होतं.
इकडची सहा तिकडे गेली
की फरक बाराचा पडतो.

कितीने पडला तो? मी विचारलं.
सरकार एका जागेने गेलं, आणि ती जागा त्याचीच.
मेहुणा म्हणाला, एक पेटी बुडवू, बंदर आपलंच आहे.
डेल्मार म्हणाला, आण इकडे.
तीनदा मोजलेली चौथ्यांदा मोजली त्याने,
एकटा बसून, रेघा मारत, पाचवी आडवी.
तेवढीच निघाली.
सही केली. चालत धक्क्यावर आला,
आमची शिडी चढला, म्हणाला, भंडारी, चहा.
मी विचारलं, साखर किती?
तर म्हणाला, मोजू नकोस.

फेरी लागली. पाच वर्षं
माझ्याकडे कुणी तिकीट मागितलं नव्हतं.
पोरगा पुस्तक हातात धरून अडखळला.
मीच सुटे काढले.
उतरणाऱ्यांत सुलोचना भुवड होती,
डोक्यावर जुने पत्रे, गुहागरकडून घेतलेले,
वाऱ्याने कडा थडथडत होत्या.
किती आणलेस? माझ्या तोंडून गेलं.

मोजता येतं ना तुला, म्हणाली,
आणि चढणीला लागली.