साडेपाच तास मागे

विश्रामदादाचं दुकान नाशिकरोडला, एका जिन्याखाली,
एक माणूस उभा आणि एक बसलेला मावेल एवढं.
तो व्हीसीआर दुरुस्त करायचा.
देवळाली कॅम्पातल्या मिसेस पिंटोंनी एक मशीन आणून दिलं,
आत कॅसेट अडकलेली.
न्यायला आल्याच नाहीत.
वारल्या होत्या, ते पुढे महिन्याने कळलं.
दादा म्हणाला, वच्छे, हा पहिला विनोद.
बाकीचे कॅसेटमध्ये.

विलायतेतले दोन भाऊ, प्रेतं पोचवायचा धंदा,
गाडी दर भागात चढावर बंद पडणार.
मागे पेटी, पेटीत गिऱ्हाईक,
आणि पुढे हे दोघे सँडविचच्या शेवटच्या तुकड्यावरून
अतिशय सभ्यपणे भांडतायत.
निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं.
पण चेहऱ्यावरची माशीही न हलू देता बोलणं
आम्हाला घरचं होतं.
अण्णा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले त्या दिवशी
हार काढून खुंटीला लावत म्हणाले,
आयुष्यभर पैसे केले.
आणि चहा मागितला.

आईची तर सगळी माया मसणातून यायची.
मेल्या, गिळ आता,
आणि वाढायची दुप्पट तूप.
मुडद्या, कानटोपी घाल.
आम्ही स्मशानाला अमरधाम म्हणतो,
पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेकडे बघून
ठरवतो, घाबरायचं की भजी तळायची.
दादा म्हणायचा, हे गोरे आपल्यापुढे पोरं आहेत गं,
फक्त ते पगार घेऊन करतात.

एका रात्री त्याने चित्र मध्येच थांबवलं.
हे हसतायत ते कोण?
दिसत तर कोणीच नाही.
पन्नासेक माणसं कधीतरी एका थंड हॉलमध्ये बसून
हसून ठेवून गेलेली.
त्यातली एक बाई, सगळ्यांचं हसून संपलं की मग,
एकटीच,
घोगरं, जिना चढून आल्यासारखं.
दादाने तेवढाच तुकडा चारदा मागे नेला.
गेली असेल बिचारी, म्हणाला.
आणि आपण तिला हसवतोय की ती आपल्याला?
मी म्हटलं, झोप आता, मेल्या.

पुढे डॉक्टरांनी सहा महिने सांगितले.
दादा म्हणाला, जुन्या मशीनला मीसुद्धा वर्षाची गॅरंटी देतो.
डॉक्टर हसले नाहीत. नवीन होते.
शेवटच्या आठवड्यात नळ्यांमधून मला बोटाने जवळ बोलावलं.
मला वाटलं, बँकेचं काही.
म्हणाला, रामकुंडावर कावळा उशिरा आला तर घाबरू नका,
माझं घड्याळ तिकडचं आहे.
साडेपाच तास मागे.

दहाव्याला ऊन चांगलंच वर आलं होतं.
शेजारच्या आहेरांचा पिंड दोन मिनिटांत गेला,
त्यांचे चेहरे पास झालेल्यांसारखे.
आमच्याकडे एक कावळा आला, बघितलं, आणि
पलीकडच्या रांगेत कुणाकडे तरी जेवायला गेला.
वहिनी हात जोडून म्हणाली, मुलीचं लग्न मी करीन.
भाऊजी म्हणाले, दुकान विकणार नाही.
मी काहीच कबूल केलं नाही,
दादाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असायची
आणि ती इथे चालत नाही.

तासाभराने गुरुजींनी घड्याळ पाहिलं,
पिशवीतून दर्भ काढला
आणि त्याचा कावळा वळायला बसले.
झटपट, सवयीच्या हाताने.
मला दादाचा आवाज स्पष्ट ऐकू आला:
ओरिजिनल मिळत नसेल तर लोकल पार्ट टाका, चालतंय.

सगळे गप्प होते.
गोदेचं पाणीसुद्धा.
तेव्हा मी हसले, एकटी,
घोगरं, थांबवता न येणारं,
पदर तोंडात कोंबूनही.

समोर पुतण्या मोबाईल धरून उभा होता,
लेस्टरच्या चुलतभावासाठी सगळा विधी शूट करत.
त्याने तो तुकडा पुसलेला नाही.
मी पुसू दिला नाही.